करंगळीचं पेर

रंजनी वीणेकरच्या डाव्या करंगळीला जन्मभर काही ना काही लागत आलं होतं. दाराच्या फटीत सापडायची ती तीच, तापल्या तव्याला टेकायची ती तीच, आणि खिळा ठोकताना हातोडी चुकली की बसायची तिच्याच टोकावर. त्या बोटाला शेवटचं पेर आहे हे जणू तिच्या लक्षातच राहत नसे. "नऊ बोटं शहाणी आणि एक येडं," असं म्हणत गंगूआत्या त्यावर हळद दाबायची. यात काही विशेष आहे असं कुणालाच वाटलं नाही. ते कळायला रंजनीला सव्विसावं वर्ष उजाडावं लागलं आणि एका यंत्राकडून नापास व्हावं लागलं.

रंजनी मिरजेची. तिचे वडील गुराप्पा वीणेकर, गावाचे आप्पा, तंबोरे करायचे. त्यांचे वडीलही तेच करायचे. ती जन्मली तेव्हा मुलगा झाला म्हणून पेढे वाटले गेले आणि एक नाव ठेवलं गेलं. ते नाव इथे सांगण्यात मतलब नाही. जे तिचं कधी नव्हतंच, ते चारचौघांत कशाला काढायचं? रंजनी हे नाव तिने स्वतः घेतलं, श्रीरंजनी रागावरून, कारण दुकानात कुणी गवई तो राग गुणगुणू लागले की लहानपणी तिच्या हातातलं काम थांबायचं. आपण मुलगी आहोत हे तिला पाचव्या-सहाव्या वर्षापासून ठाऊक होतं. कसं ठाऊक होतं ते मात्र सांगता यायचं नाही, आणि घोडं तिथेच पेंड खायचं.

आठ महिन्यांपूर्वी तिने आप्पांना सांगितलं. आई ती लहान असतानाच गेलेली, त्यामुळे सांगायला घरात होतं तरी कोण दुसरं? आप्पा ओरडले नाहीत, हात उगारला नाही. त्यांनी कानस खाली ठेवली आणि डाव्या हाताच्या साडेचार बोटांनी कपाळ पुसलं.

"मला त्यातलं काय कळत न्हाई," ते म्हणाले. "ते मशीन निघालंय न्हवं आता, दवाखान्याच्या रस्त्याला? त्याचा कागद आण. कागदावर लिहून आलं तर बस हितं माझ्या शेजारी, कोण काय म्हणतंय ते मी बघतो. तवर दुकानात येऊ नकोस."

"आप्पा, कायद्याला तो कागद लागत नाही. मी स्वतः सांगितलेलं पुरतं."

"कायद्याला लागत नसंल. मला लागतोय."

आता गंमत बघा. याच माणसाने चार वर्षांपूर्वी जवारी मोजायचं यंत्र विकायला आलेल्या विक्रेत्याला पायरीवरूनच परत पाठवलं होतं. जवारी म्हणजे तंबोऱ्याचा जीव. तारा ज्या घोडीवर टेकतात तिचा माथा सपाट दिसतो, पण नसतो. त्याला केसभर उतार असतो. तार त्या उतारावर घासत थरथरते आणि एका सुरातून दहा सूर उमलतात. तो उतार कानशीने नेमका घासायचा, मग तारेखाली सुताचा एक धागा सरकवत न्यायचा. एका जागी तार एकदम बोलायला लागते. विक्रेता म्हणाला, आमचं यंत्र ती जागा आकड्यात सांगेल. आप्पा म्हणाले, "जवारीला माप नसतंय बाबा. लागली की लागली. ज्याला कान हाय त्याला कळतंय." आणि हाच माणूस पोटच्या पोरीसाठी आकडा मागत होता. रंजनीला हे त्याच क्षणी सुचलं होतं, पण तोंडातून फुटलं नाही. ती कपड्यांची पिशवी घेऊन किल्ल्यामागे आत्याच्या दोन खोल्यांत राहायला गेली आणि फोन दुरुस्तीच्या दुकानात काम करू लागली.

*

त्या यंत्राचं नाव देहलेख.

मेंदूत आपल्या शरीराचा नकाशा असतो हे डॉक्टर लोकांना फार पूर्वीपासून ठाऊक होतं. कातडीवरून आलेला प्रत्येक निरोप तिथे आपापल्या पेठेत पोहोचतो. प्रमाण मात्र या नकाशाने धाब्यावर बसवलेलं असतं. अख्ख्या पाठीला एवढीशी जागा, आणि ओठांना, जिभेला, हातांना मोठमोठे प्रांत. मिरजेच्या डॉ. तस्नीम बारगीर यांना याच्या आतला दुसरा नकाशा सापडला. पहिला नकाशा निरोप घेतो. दुसरा म्हणतो, हा निरोप ज्याला आला तो मी. उसाच्या चरकात हात गेलेल्या माणसाचा नसलेला तळवा रात्रंदिवस खाजतो, तो या दुसऱ्या नकाशापायी, कारण तिथे हात अजून शाबूत असतो. हा नकाशा उतरवून घेता आला तर कृत्रिम हात त्याच्या मापाने करता येईल, म्हणून बाईंनी देहलेख बांधला. माणसाचे डोळे झाकून त्याला आडवं करायचं, डोक्यावर चुंबकीय संवेदकांची टोपी चढवायची आणि मऊ कुंचल्याने अंगावर दोन हजार ठिकाणी स्पर्श करायचा. मेंदू कुठे स्पर्शाची वाट बघतो आणि कुठे दचकतो, यावरून पडद्यावर एक आकृती उमटत जाते. आरशात दिसते ती नव्हे. मेंदू जिला ‘मी’ समजून चालतो ती.

मग एकदा अपघातात पाय गेलेली एक पारलिंगी बाई तपासणीला आली. पायाबरोबर बाकीचीही आकृती पडद्यावर आली, आणि ती बाईची होती. ना कसलं औषध सुरू झालेलं, ना शस्त्रक्रिया. बारगीर बाईंनी आणखी तीनशे जणींना तपासलं. बहुतेकींच्या बाबतीत तेच. बाईंनी शोधनिबंध लिहिला आणि सातव्या पानावर स्पष्ट बजावलं, की ज्यांची आकृती अशी येत नाही त्या स्त्रिया नाहीत असा अर्थ कुणीही काढू नये. माणूस म्हणजे नुसता नकाशा नव्हे.

सातवं पान कोण वाचतं? एक समिती बसली. आकृती इतर बायकांच्या आकृत्यांशी किती जुळते याला ‘मेळ’ म्हणायचं ठरलं, आणि शंभरात साठ मेळ आला की दाखला. सक्ती कुणावरच नव्हती. पण घरमालक हळूच विचारू लागले, "दाखला आहे ना?" सोयरीक जुळवणारे विचारू लागले, नोकरी देणारे विचारू लागले. स्वतःच्या तोंडाने सांगितलेलं सत्य एकदम स्वस्त झालं. दाखला कानामागून आला आणि तिखट झाला.

रंजनी आठ महिने तिकडे फिरकली नाही. तत्त्वासाठी नाही जात, असं ती मैत्रिणींना सांगायची. खरं कारण तिचं तिलाच ठाऊक होतं. न जाणो, यंत्र नाही म्हणालं तर? आणि त्याहून वाईट, आपलाही त्याच्यावर विश्वास बसला तर? या विचाराने तिला एका जागी बसवत नसे. फोन उघडलेला टाकून ती दुकानाबाहेर दोन फेऱ्या मारून यायची, स्क्रू हरवायची, मालकाची बोलणी खायची.

"हातच्या कांकणाला आरसा कशाला, रंजे?" आत्या भाकरी थापत म्हणायची. "मी तुला पाळण्यातनं बघतीया. मला ठावं हाय की."

"तुला ठाऊक आहे गं. तुझ्या भावाला आरसा पाहिजे ना."

तो भाऊच अडचणीत आल्याची बातमी आत्याने एका सोमवारी आणली. ती दर आठवड्याला त्याला डबा पोचवायला जायची. त्या दिवशी ती परतली ती चप्पलसुद्धा न काढता उंबऱ्यावर बसली.

"गुराप्पाला बारीक आवाज ऐकू येईना झालेत. बोललेलं कळतंय, पर तारंचं कळंना. धारवाडच्या गाणाऱ्या बाईंची तंबोऱ्यांची जोडी सव्वा महिना झाला तशीच पडलीया. घासतोय, धागा घालतोय, काढतोय. चार घोड्या नासवल्या म्हणं. मी गेले तर दांडीला दात लावून बसला हुता."

"दात?"

"दातानं तरी ऐकू येतंय का बघायला. शनिवारी बाई यायच्यात. कुणाला सांगू नको म्हणाला. तुला तर अजिबात नको म्हणाला."

रंजनीच्या डोळ्यांसमोर ते चित्र उभं राहिलं. जवारी लावणारा माणूस मिरजेत आप्पांसारखा दुसरा नव्हता, आणि आप्पांच्या खालोखाल कोण, तर ती. चौदाव्या वर्षी तिने पहिली जवारी एकटीने लावली होती. आता कागद नाही म्हणून ती इथे फोनच्या काचा बदलत होती आणि तिथे म्हातारा दाताने सूर शोधत होता. तिने त्याच संध्याकाळी देहलेखची वेळ घेतली. गुरुवार, सकाळी दहा.

*

"हलायचं नाही," तंत्रज्ञ बाई सहाव्यांदा म्हणाली.

"नाही हलत."

"पाय हलतोय तुमचा."

रंजनीने पाय आवळून धरला. डोळ्यांवर पट्टी, डोक्यावर गार टोपी. कुंचला कधी गालावर यायचा, कधी घोट्यावर, कधी गळ्याखालच्या हाडावर, आणि पुढचा कुठे येणार हे कळायचं नाही. हातांवर तर तो तासभर रेंगाळला. प्रत्येक बोट, प्रत्येक पेर, पुन्हा पुन्हा. तिला वाटत होतं आपण परीक्षेला बसलोय आणि प्रश्न काय आहेत तेच माहीत नाहीत. आपण बाई आहोत असा विचार जोरात करावा का? की काहीच विचार करू नये? खऱ्या बाया या वेळी काय विचार करत असतील? मग तिचं तिलाच हसू आलं. खऱ्या बाया या टेबलावर कशाला येतील! त्यांना कोण विचारतंय?

उठताना तिने टेबलाच्या कडेला हात टेकला आणि करंगळी पत्र्याला कापली. तंत्रज्ञ बाईने पट्टी लावून दिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिला आत बोलावलं ते खुद्द डॉ. बारगीरांनी. पन्नाशीच्या, चष्मा केसांत खोचलेल्या, आणि एकूण दमलेल्या बाई. त्यांनी आधी पडदाच तिच्याकडे वळवला.

पडद्यावर एक बाई उभी होती.

रंजनी बघत राहिली. मान, खांदे, छाती, कमरेचा उतार. चेहरा धूसर होता, पण ठेवण कळत होती. आजवर तिने आरशात जे शोधलं होतं, अंधारात डोळे मिटून जे स्वतःशी धरून ठेवलं होतं, ते तिच्यासमोर सरळ उभं होतं आणि कुणीतरी दुसरं माणूसही ते बघत होतं. तिला रडू आलं. तिने ते आवरलं नाही.

"मेळ किती आला, डॉक्टर?"

"त्रेचाळीस."

"साठ लागतात."

"हो." बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "रंजनीताई, बाकीचं शरीर बघितलं तर मेळ एक्क्याऐंशी आहे. अडलंय ते हातांवर. हे बघा."

त्यांनी आकृतीचे हात मोठे केले. ते त्या बाईचे हात नव्हतेच. तळवे पाटासारखे रुंद, बोटं जाड, अंगठ्याच्या मुळाशी गाठ. जणू कुणी दुसऱ्याचे हात आणून तिला जोडले होते.

"मेंदूच्या नकाशात हातांचा प्रांत सगळ्यांत मोठा," बाई म्हणाल्या. "समितीने मेळ ठरवला तो क्षेत्रफळावर. त्यामुळे हात असे आले की सगळा हिशोब बुडतो. असे हात मी आजवर एकाही आकृतीत बघितले नाहीत, बाईच्या नाही आणि पुरुषाच्याही नाहीत. आणि ही डावी करंगळी बघा. हिला शेवटचं पेरच नाही. मला वाटलं संवेदक बिघडला. तीनदा तपासलं. तुमचं बोट तर पूर्ण आहे ना?"

रंजनीने स्वतःच्या करंगळीकडे पाहिलं. कालची पट्टी नेमकी त्याच पेरावर होती. मग तिने पडद्याकडे पाहिलं.

"हे आप्पांचे हात आहेत," ती म्हणाली.

"कुणाचे?"

"माझ्या वडिलांचे. एकोणिसाव्या वर्षी लाकूड तासताना वाकस निसटली आणि त्यांचं ते पेर गेलं."

मग तिने सांगितलं. वीणेकरांच्या घरात जवारी शिकवायची रीत अशी, की तोंडाने शिकवायचंच नाही. लेकराला पुढ्यात घेऊन बसायचं आणि त्याचे दोन्ही हात आपल्या हातांवर ठेवून घ्यायचे. खालचे मोठे हात काम करतात, वरचे लहान हात नुसते सोबत जातात. सहाव्या वर्षापासून चौदाव्या वर्षापर्यंत, रोज शाळा सुटल्यावर ती अशी बसली होती. कानशीची थरथर आप्पांच्या हाडांतून तिच्या हाडांत यायची. डाव्या करंगळीच्या टोकाखाली मात्र आप्पांचं पेर नव्हतं, तिथे नुसती हवा होती. तिथून कधी काही आलंच नाही.

डॉ. बारगीरांनी पडद्यावरचे हात पुन्हा निरखले. "वाढत्या वयात आठ वर्षं," त्या शेवटी म्हणाल्या. "मेंदूने नकाशा त्या हातांवरूनच काढला. जिथून निरोप आला नाही तिथे पेर नाही असं धरलं. मी हे यंत्र हात गेलेल्यांसाठी केलं होतं. हात मिळालेलं माणूस पहिल्यांदाच बघतेय."

मग त्यांनी खणातून एक छापील अर्ज काढला. ते करताना त्यांनी रंजनीकडे बघायचं टाळलं.

"यावर एक वाट आहे. समितीचाच नियम आहे. अवयवाची नोंद सदोष आहे असं अर्जदाराने लिहून दिलं तर ती वगळता येते. हात वगळले की मेळ एक्क्याऐंशी. दाखला लगेच. इथे सही करायची."

रंजनीने वाचलं. ‘हातांची सदर नोंद माझी नव्हे व ती माझ्या देहलेखातून कायमची काढून टाकावी.’

"आणि सही नाही केली तर?"

"तर आज पाच वाजता ‘मेळ अपुरा’ अशी नोंद होईल. पुढची तपासणी तीन वर्षांनी." बाईंचा आवाज खाली आला. "सही करा, रंजनीताई. कागदच तर आहे. तुमच्या मेंदूतून काही जाणार नाही."

पेन तिने उचललं होतं. टोक कागदाला टेकलंही होतं. नुसती एक सही, आणि उद्या सकाळी आप्पांच्या शेजारी तिचा पाट. त्यासाठीच तर आली होती.

"पाचपर्यंत वेळ आहे ना?" तिने विचारलं, आणि आकृतीची छापील प्रत आणि अर्ज दोन्ही घेऊन ती उठली.

*

बाहेर आली तेव्हा तीन वाजून गेले होते. बसथांब्यावर चालकाविना धावणारी बस तिच्यासाठी थांबली, दार उघडून वाट बघत राहिली आणि कंटाळून निघून गेली. ती चालू लागली. मार्केटपर्यंत गेली, परत फिरली, देहलेख केंद्राच्या दारापर्यंत आली, पुन्हा वळली. दोनदा अर्ज उघडला, दोनदा मिटला.

डॉक्टर म्हणाल्या ते खोटं नव्हतं. कागदच तर होता. आप्पांना कुठे कळणार होतं, की त्यावर सही करताना काय लिहून दिलं? मुलगी आहे याचा दाखला मिळवायचा, तर बापाचे हात माझे नव्हेत असं सांगायचं. असला सौदा कुठल्या शहाण्याने काढला असेल? तिला समितीचा राग आला, यंत्राचा आला, आणि मग सगळ्यांत जास्त आप्पांचा आला. एवढा राग आठ महिन्यांत आला नव्हता. पाय आपोआप दुकानाच्या गल्लीकडे वळले.

आप्पा पाटावर बसले होते. पुढ्यात धारवाडच्या बाईंचा तंबोरा आडवा, आजूबाजूला नासलेल्या घोड्यांचा भुगा. ते दांडीवर कान दाबून तार छेडत होते आणि चेहऱ्यावर काहीच उमटत नव्हतं. तार बोदली, गुंजेविना वाजत होती. रंजनीला ते गल्लीच्या तोंडापासूनच ऐकू आलं होतं.

तिला बघून त्यांनी चटकन कान काढला.

"कागद आणला?"

"नाही. चित्र आणलंय." तिने प्रत भुग्यातच पसरली. "आणि हा अर्ज. यावर पाचच्या आत सही केली की दाखला मिळतो."

"मग केली का न्हाई?"

"करणार नाही. त्याआधी ऐका. जवारीला माप नसतं म्हणता आणि मला माप लावायला पाठवता. गेले मी. लावून घेतलं. यंत्र म्हणतं ही बाई आहे, पण हात हिचे नव्हेत. हात माझे नव्हेत असं लिहून दिलं तर दाखला. नाहीतर नापास, तीन वर्षं." तिने बोट चित्रातल्या हातांवर ठेवलं. "ते हात माझेच आहेत, आप्पा. मी तसं लिहून देणार नाही. कागद येणार नाही. दुकानात घ्यायचं की नाही ते तुमचं तुम्ही बघा."

आप्पांनी चित्र जवळ ओढलं. चष्मा पुसला. आकृतीकडे ते आधी बघेनात. नजर खाली घालून हातांपाशीच थांबले. बोटं मोजावी तशी एकेकावरून त्यांनी नजर फिरवली, अंगठ्याच्या गाठीपाशी अडले, आणि मग डाव्या करंगळीपाशी. त्यांनी आपला डावा हात हळूच उचलला आणि चित्रातल्या हाताशेजारी ठेवला. दोन तोकड्या करंगळ्या एकमेकींशेजारी.

"हे तुझ्या डोक्यात हाय?"

"हो."

"कवापासनं?"

"तुमच्या पुढ्यात बसायचे तेव्हापासून."

आप्पांनी मान वर केली आणि आता पहिल्यांदा अख्खी आकृती पाहिली. खांदे, मान, उतार. बघायला त्यांना कष्ट पडत होते हे दिसत होतं.

"आन् हे बाकीचं? हे कवापासनं?"

"तेही तेव्हापासूनच. त्याच्याही आधीपासून."

गल्लीतून एक सायकल घंटी वाजवत गेली. आप्पांनी ती ऐकली की नाही कुणास ठाऊक.

"म्हंजे," ते सावकाश म्हणाले, एकेक शब्द कानशीने घासून काढावा तसे, "माझ्या हातावर हात ठिवून आठ वरसं पोरगीच बसली हुती."

रंजनी दाराकडे वळली, कारण तिथे उभं राहवेना.

"थांब." आप्पांचा आवाज चढला. "कुठं निघालीस? मला तार ऐकू येईना झालीया. उद्या बाई यायच्यात. बस हितं."

त्यांनी तो अर्ज उचलला, चारपदरी दुमडला आणि तंबोऱ्याखालच्या डुगडुगणाऱ्या पाटाच्या पायाखाली सारला. पाट हलवून बघितला. डुगडुग थांबली होती. मग ते बाजूला सरकले आणि भुगा झटकून जागा केली.

रंजनी बसली. घोडी डाव्या हाताने धरली, उजव्या हातात कानस घेतली. आठ महिन्यांचा खंड पडलेला, तरी हातांना काही विचारावं लागलं नाही. तीन-चार हलके फटकारे, फुंकर, पुन्हा एक. भिंतीवरचं घड्याळ पाचच्या पुढे सरकलं. तिकडे केंद्रात ‘मेळ अपुरा’ अशी नोंद झाली असणार. तिने एकदा घड्याळाकडे पाहिलं आणि मग पाहिलं नाही.

घोडी बसवून तिने तार चढवली, धागा घातला आणि सरकवायला सुरुवात केली. आप्पा अस्वस्थ होऊन तिच्या चेहऱ्याकडे बघत होते, तारेकडे बघत होते, कानामागे हात धरत होते. शेवटी त्यांनी ते सगळं सोडलं आणि आपला डावा हात तिच्या डाव्या हातावर ठेवला. या वेळी खाली तिचा होता.

रुंद, खरखरीत, गरम हात. तिची सगळी बोटं त्याखाली झाकली गेली. फक्त करंगळीचं शेवटचं पेर, पट्टी लावलेलं, उघडं राहिलं. तिथे वारा लागत होता. आपल्याला इथेही एक पेर आहे हे तिला त्या क्षणी जितकं कळलं तितकं आजवर कधी कळलं नव्हतं.

धागा केसभर पुढे सरकला. तिने तार छेडली. तिच्या हाडांतून ती थरथर वर चढली आणि आप्पांच्या हातात शिरली.

तिने काही सांगण्याआधीच आप्पांनी डोळे मिटले.

"लागली," ते म्हणाले. "पोरी, लागली."